दवाखान्याची देखरेख कोणी करावी?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा विचार करण्याची सवय हळूहळू गावोगावच्या नागरिकांना लागली. त्या परंपरेत मी आज जो विषय घेऊन उभा आहे, तो आपल्या आळीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा आहे. मी स्वतः डॉक्टर नव्हे. वर्षातून दोन-चार वेळा दवाखान्याच्या बाकावर बसून पाळीची वाट पाहणारा मी एक रोगी आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहे. हा अधिकार लहान आहे, परंतु अगदीच टाकाऊ नाही. कारण उपचार चुकला तर त्याचे फळ बाकावर बसणाऱ्यालाच भोगावे लागते.

विषयाला हात घालण्यापूर्वी कल्याणच्या एका मुलीची आठवण करणे योग्य होईल. यमुना जोशी १८६५ साली जन्मली, कल्याणात वाढली, तेथेच लहान वयात तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले. ते दहा दिवसांतच गेले. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत हे शल्य तिच्या मनात राहिले, आणि त्या शल्यानेच तिला फिलाडेल्फियापर्यंत नेले. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात निवर्तली. आनंदीबाईंच्या काळचे दुःख डॉक्टर नसण्याचे होते. आज त्याच कल्याणात, डोंबिवलीत किंवा ठाण्यात स्टेशनातून बाहेर पडल्यावर शंभर पावलांत डॉक्टरांच्या दहा पाट्या दिसतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या जवळ होती, आणि त्यानंतर तीत भरच पडली आहे. एवढ्या वस्तीला पुरणारी सरकारी किंवा पालिकेची रुग्णालये नाहीत. तेव्हा ताप आला, मूल पडले, छातीत कळ आली की पहिली धाव खासगी दवाखान्याकडेच असते. म्हणून आता प्रश्न निराळा झाला आहे. डॉक्टर आहे, पण त्याच्या दवाखान्यात जे चालते ते सुरक्षित आहे की नाही, हे पाहणारा कोण?

एक संध्याकाळ

समजा, रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. जलद गाडीतून घामाघूम होऊन उतरलेला एक गृहस्थ अंग मोडून आले म्हणून घरी जाण्यापूर्वी डोंबिवलीतील एका दवाखान्यात शिरतो. बाकावर पंधरा माणसे आहेत. तासाभराने पाळी येते. डॉक्टर नाडी पाहतात, जीभ पाहतात, एक इंजेक्शन देतात, आतल्या खिडकीतून कंपाउंडर तीन पुड्या देतो. गृहस्थ पैसे देऊन बाहेर पडतो आणि त्याला बरे वाटू लागते.

आता या गृहस्थाला आपण काही प्रश्न विचारू. डॉक्टरांची पदवी कोणत्या शास्त्राची? पाटीवर अक्षरे होती, पण ती त्याने वाचली नाहीत. नोंदणी क्रमांक? ठाऊक नाही. सुई नवी होती का? डॉक्टरांची पाठ त्याच्याकडे होती. इंजेक्शन कशाचे? विचारले नाही. पुड्यांत कोणत्या गोळ्या? एक पिवळी, एक पांढरी, अर्धी गुलाबी. इंजेक्शनाने एकाएकी श्वास कोंडला असता तर तेथे त्यावर उपाय होता का? हा प्रश्न तर त्याच्या मनातच आला नाही.

हा गृहस्थ अडाणी नाही. भाजी घेताना तो वांगे उलटून पाहतो, घर घेताना सात-बारा पाहतो. परंतु दवाखान्यात पाहावे काय, हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. शिवाय बहुतेक गोष्टी रोग्याला दिसण्याजोग्या नसतातच. गिऱ्हाइकाला मालाची पारख करता येत नाही तेथे बाजाराच्या भरवशावर राहता येत नाही. कोणी तरी तिऱ्हाइताने ती पारख करावी लागते. सोन्याला हॉलमार्क आणि वजनमापांना सरकारी शिक्का याच कारणासाठी असतो.

कायदा काय पाहतो?

कायदा अगदीच नाही असे नव्हे. १९४९ साली त्या वेळच्या मुंबई राज्यात शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम झाला. रोगी ठेवून घेणारे प्रत्येक खासगी रुग्णालय व प्रसूतिगृह नोंदले पाहिजे, जागा योग्य पाहिजे, शिकलेल्या परिचारिका पाहिजेत, आणि स्थानिक अधिकाऱ्याला आत जाऊन तपासणी करता आली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. ठाणे महानगरपालिका १९८२ साली व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. त्यांच्या हद्दीत हे नोंदणीचे व तपासणीचे काम पालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने या कायद्याखालील नियम बरेच सुधारले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, मुख्य सेवांचे दर लिहून ठेवावेत, तक्रार कोठे करावी ते सांगावे, देयक बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून धरू नये, अशा कित्येक गोष्टी त्यांत आल्या. करोनाच्या साथीत अनेक कुटुंबांनी जे सोसले, त्याची ही थोडीबहुत फलश्रुती म्हणता येईल.

परंतु या कायद्याची नजर खाटेवर आहे. खाट असेल तर नोंदणी. खाट नसेल तर हा कायदा दाराबाहेरच थांबतो. आपला मघाचा गृहस्थ ज्या दवाखान्यात गेला तेथे खाट नव्हती. तपासणीचे एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट, एवढाच संसार. म्हणून त्या जागेची अशी नोंद पालिकेच्या शुश्रूषागृहांच्या यादीत असण्याचे कारणच नाही. आणि आपण सर्वजण रुग्णालयाच्या खाटेवर आयुष्यात दोन-चार वेळा पडतो. दवाखान्याच्या टेबलावर मात्र शेकडो वेळा.

ही उणीव केंद्र सरकारच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. २०१० साली संसदेने वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा व नियमनाचा कायदा केला. त्यात रुग्णालयाबरोबर लहान दवाखाने व रोगनिदानाच्या प्रयोगशाळाही घेतल्या, आणि प्रत्येक वर्गासाठी किमान मानके ठरवावीत असे म्हटले. परंतु आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. जे राज्य स्वीकारील त्यालाच तो कायदा लागू. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याचा स्वतःचा मसुदा तयार झाला, त्यावर चर्चा झाली, आणि मसुदा मसुदाच राहिला.

मग बिनखाटेच्या दवाखान्यावर कोणाचीच नजर नाही काय? आहे, पण ती तुकड्यातुकड्यांची आहे. डॉक्टरची पदवी व वर्तन महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या परिषदा निराळ्या. दवाखान्यातला कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. हे नियम मात्र खाट पाहत नाहीत, एका खोलीच्या दवाखान्यालाही ते लागू आहेत. औषधांचा कारभार अन्न व औषध प्रशासनाकडे. सोनोग्राफीचे यंत्र असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, क्ष-किरणाचे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळ. बोगस डॉक्टर शोधण्यास समित्या आहेत, पोलीस आहेत. प्रत्येक खाते आपापला तुकडा पाहते, आणि पूर्ण दवाखाना कोणीच पाहत नाही. आपल्याकडे ज्याला बारभाई कारभार म्हणतात तो हाच.

सुई, चिमटा आणि उकळते पाणी

'सुरक्षितता' हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात ती फार लहान लहान गोष्टींत असते. परळच्या प्रयोगशाळेत डॉक्टर हाफकिन प्लेगची लस तयार करीत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी ही लस टोचण्यात आली. टोचलेल्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. ती सर्व माणसे एकाच बाटलीतून टोचलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना काम सोडावे लागले. पुढे नोंदी तपासल्यावर आढळले की, गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला होता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. लस उत्तम होती, शास्त्रज्ञ थोर होता. १९ माणसे गेली ती एका मातीत पडलेल्या चिमट्याने.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना जुन्या दवाखान्यातील तो पत्र्याचा डबा आठवत असेल. काचेची पिचकारी आणि जाड सुई त्यात रटरटत असे. ते पाणी पाहून आपल्याला धीर वाटे. परंतु धनुर्वाताच्या जंतूंची बीजे साध्या उकळत्या पाण्याला पुरती दाद देत नाहीत. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते. १२१ अंश सेल्सियसला पंधरा ते वीस मिनिटे. ज्या यंत्रात हे होते त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. आता सुई एकदा वापरून टाकून द्यावयाची असते, म्हणून हा प्रश्न सुटला असे आपण मानतो. तो पुरता सुटलेला नाही. २००२ ते २००४ या काळात देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, भारतात वर्षाला सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांपैकी जवळजवळ शेकडा ६३ कोणत्या ना कोणत्या कारणाने असुरक्षित असतात. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे हिपॅटायटिस-बी या काविळीची साथ उसळली, कित्येक माणसे मेली; तपासाचा माग स्थानिक दवाखान्यांतील पुन्हा वापरलेल्या सुयांपर्यंत पोहोचला. हे दवाखाने आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यासारखेच होते.

वापरलेली सुई जाते कोठे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. ती न टोचणाऱ्या, जाड पांढऱ्या डब्यात पडली पाहिजे. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकची पिचकारी व नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. हा सर्व कचरा अधिकृत संस्थेच्या गाडीने गेला पाहिजे. पिवळ्या पिशवीतील कचरा तर ४८ तासांपलीकडे साठवून ठेवू नये असा नियम आहे. ही सुई घरगुती कचऱ्यात आली तर ती प्रथम टोचते पालिकेच्या सफाई कामगाराच्या हाताला, आणि त्याच्या पाठोपाठ भंगार वेचणाऱ्या पोराच्या पायाला.

दुसरी गोष्ट इंजेक्शनाच्या घातक प्रतिक्रियेची. क्वचित एखाद्याला साध्या औषधाचेही वावडे असते. काही मिनिटांत घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. यावर पहिला आणि खरा उपाय ॲड्रेनलिन हे औषध मांडीच्या स्नायूत ताबडतोब टोचणे हा आहे. त्याची कुपी अगदी स्वस्त असते. ती कपाटात आहे काय, तिची मुदत टळली आहे काय, आणि डॉक्टर घरी गेले असता कंपाउंडर इंजेक्शन देत नाही ना, एवढ्या तीन प्रश्नांवर एखाद्याचा जीव अवलंबून राहू शकतो.

तिसरी गोष्ट पुडीची. डॉक्टरांनी स्वतःच्या रोग्याला औषध देणे कायद्याने गैर नाही. तेवढ्यासाठी त्यांना दुकानदाराचा परवानाही लागत नाही. गरीब माणसाला ती सोयच आहे. परंतु पुडीवर औषधाचे नाव नसते. रात्री त्रास वाढून त्या रोग्याला कळव्याला किंवा शास्त्रीनगरच्या रुग्णालयात न्यावे लागले तर तेथील डॉक्टर विचारतात, "काय दिले होते?" आणि नातेवाईक म्हणतात, "एक पिवळी, एक पांढरी." त्या पांढऱ्या गोळीत स्टेरॉइड होते की प्रतिजैविक, हे त्या घटकेला कळणे अत्यंत आवश्यक असते, आणि नेमके तेच कळत नाही.

पदवी पुरेशी आहे काय?

येथे कोणी म्हणेल, डॉक्टर शिकलेला असला म्हणजे पुरे. वरून तपासनीस कशाला? या शंकेला न्यायालयांनी वेळोवेळी उत्तर दिले आहे, आणि त्यातील दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत लागलेले आहेत.

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीतून पुण्यास आणले गेले. तेथे नावाजलेल्या शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात हाड बसविताना पुरेशी भूल न देता जोर लावला गेला, असे पुढे सिद्ध झाले. तरुण त्याच रात्री मरण पावला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ साली न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्ये स्वच्छ सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी, कोणता उपचार करावा हे ठरविताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. पदवीने केवळ पहिली पायरी गाठली जाते. काळजी दर रोग्यागणिक नव्याने घ्यावी लागते.

दुसरे प्रकरण मुंबईचे. १९९२ साली ताप आलेल्या एका गृहस्थाला होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधे दिली. आधी विषाणूचा ताप म्हणून, मग विषमज्वर म्हणून. रोगी दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने विधवेला ३ लाख रुपये भरपाई देवविली आणि म्हटले की, जे शास्त्र आपण शिकलो नाही त्याचा उपचार करणे हीच मुळात हयगय होय. त्यानंतर २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. त्यावर वाद झाला, तो न्यायालयातही गेला. त्या वादात मी शिरत नाही. माझे म्हणणे इतकेच, की समोर बसलेले डॉक्टर कोणते शास्त्र शिकले आहेत आणि कोणते वापरीत आहेत, हे रोग्याला उघड दिसले पाहिजे.

न्यायालयाचा उपाय मोलाचा आहे. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली हेही चांगलेच झाले. परंतु न्यायालयाचे दार उघडते ते अपाय झाल्यानंतर. पालशेतच्या तरुणाच्या वडिलांना अखेरचा निकाल मिळण्यास पंधरा वर्षे लागली.

लोकप्रियता हाही पुरावा नव्हे. इंग्लंडात हाइड नावाच्या गावी शिपमन नावाचे डॉक्टर एकट्याने दवाखाना चालवीत. घरी येऊन पाहणारे, म्हाताऱ्यांची विचारपूस करणारे, म्हणून लोक त्यांच्याकडे जाण्यासाठी थांबून राहत. जानेवारी २००० मध्ये त्यांना १५ रोग्यांच्या खुनांबद्दल शिक्षा झाली, आणि नंतरच्या चौकशीत अशा रोग्यांची संख्या २१५ ठरली. असे डॉक्टर कोट्यवधींत एखादेच. त्यावरून सर्व व्यवसायाकडे संशयाने पाहणे हा अन्याय होईल. परंतु इतकी वर्षे ते कोणाच्या लक्षात का आले नाही, या प्रश्नाचे उत्तर बोधप्रद आहे: एकट्याच्या दवाखान्यात डोकावणारे दुसरे कोणी नव्हते. त्यानंतर तेथे डॉक्टरांच्या पात्रतेची ठराविक मुदतीने फेरतपासणी सुरू झाली, आणि २०१३ पासून प्रत्येक लहान दवाखाना नोंदला व तपासला जाऊ लागला. त्याचा अहवाल कोणाही नागरिकाला वाचता येतो.

कागद आणि तपासणी

कायदा झाला म्हणजे काम झाले, असेही नाही. २८ एप्रिल २०२१ च्या पहाटे मुंब्र्यातील एका खासगी रुग्णालयाला आग लागली. रोग्यांना दुसरीकडे हलविताना चौघांचा मृत्यू झाला. त्याच्या पाचच दिवस आधी विरारला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने १५ जण गेले होते. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधाचा कायदा आहे. इमारतीतील अग्निशमनाची साधने चालू स्थितीत आहेत असा दाखला दर जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावा लागतो. परंतु दाखला फायलीत असणे आणि नळीतून पाणी येणे या दोन गोष्टी एकच असतात असे नाही. आपल्या गावांतील पुष्कळ लहान रुग्णालये राहत्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर आहेत. जिना अरुंद, खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. अशा ठिकाणी कोणी तरी खरोखर जिना चढून पाहिले पाहिजे.

डॉक्टरांची बाजू

आता डॉक्टरांचे म्हणणे ऐकले नाही तर हा विचार एकांगी होईल. ते म्हणतात, "तपासनीस म्हणजे आणखी एक हात पुढे करणारा. दोनशे रुपये फी घेणाऱ्या आमच्यासारख्याला मोठ्या रुग्णालयाची मानके लावाल तर आम्ही दवाखाना बंद करू. मग रोग्याला बड्या कंपनीच्या रुग्णालयाशिवाय गती उरणार नाही, आणि तेथील बिल तुम्हाला ठाऊकच आहे." शिवाय रोगी दगावला की दवाखान्याची मोडतोड करण्याची दुष्ट चाल आपल्याकडे पडली आहे, ती आवरण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा वातावरणात तपासणीचा कागद उद्या आपल्याविरुद्ध वापरला जाईल, ही त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही.

मला या आक्षेपात पुष्कळ तथ्य वाटते. चाळीतल्या किंवा गाळ्यातल्या डॉक्टरने तापाच्या रोग्याला वेळीच ओळखून मोठ्या रुग्णालयात धाडावे, मुलांच्या लशी टोचाव्यात, मधुमेह्याला दटावावे, यावर शहराचे आरोग्य उभे आहे. हा दवाखाना बंद पाडून कोणतीही सुरक्षितता साधणार नाही. परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष 'तपासणी नको' असा निघत नाही. मानके दवाखान्याच्या आकाराला शोभतील अशी असावीत, एवढाच तो निघतो.

एका खोलीच्या दवाखान्यासाठी मला सहा गोष्टी पुरेशा वाटतात. डॉक्टरचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक भिंतीवर. हे तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने पूर्वीच बंधनकारक केले आहे. दर रोग्याला नवी सुई, आणि वापरलेलीसाठी पांढरा डबा. मुदत न टळलेल्या औषधांची तातडीची पेटी, ॲड्रेनलिनसह. लशी ठेवण्याच्या कपाटात २ ते ८ अंशांचे तापमान दाखविणारा तापमापक. दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. आणि गंभीर रोगी कोठे व कसा धाडावयाचा याची आधी ठरविलेली सोय. यात संगमरवर नाही, वातानुकूलन नाही. यातील बहुतेक गोष्टी चांगले डॉक्टर आजही करतात. मानक ठरले तर त्यांच्या चांगुलपणाची दखल घेतली जाईल, आणि न करणाऱ्याला सबब उरणार नाही.

हे पाहावे कोणी? पालिकेने प्रथम प्रभागवार सर्व दवाखान्यांची, खाट असो वा नसो, एक साधी नोंदवही करावी. आज आपल्या प्रभागात किती दवाखाने आहेत हे एका ठिकाणी लिहिलेले नसेल तर त्यांतला बोगस कोणता हे शोधणार कसे? मग वर्षातून एकदा पालिकेचा वैद्यकीय अधिकारी आणि डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेने नेमलेला एक अनुभवी डॉक्टर, अशा दोघांनी मिळून भेट द्यावी. दोघे असले म्हणजे लाचेलाही आळा बसतो आणि आकसालाही. पहिल्या भेटीत उणीव सांगावी, मुदत द्यावी. दुसऱ्या भेटीतही तीच उणीव दिसली तर दंड करावा. आणि भेटीचा तारखेचा कागद दाराशी लावावा. राज्याने कायदा केला तर याला दात येतील. परंतु नोंदवही करण्यास आणि संघटनेच्या संमतीने भेटी सुरू करण्यास कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

आपले काम

शेवटी आपल्याविषयी. इंजेक्शनाशिवाय गुण येत नाही, ही समजूत डॉक्टरांनी एकट्याने निर्माण केलेली नाही. "सुई मारा, उद्या कामावर जायचे आहे," असे आपणच म्हणतो. सलाइनची बाटली टांगली म्हणजे पैसे वसूल झाले असे आपल्याला वाटते. जो डॉक्टर नुसता सल्ला देतो आणि औषध नको म्हणतो, त्याच्याकडे आपण पुन्हा जात नाही. मग प्रामाणिक डॉक्टरांनी तरी काय करावे?

तेव्हा मघाच्या त्या गृहस्थाला उद्या पुन्हा दवाखान्यात जावे लागले तर त्याने नम्रपणे चार प्रश्न विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे. डॉक्टरसाहेब, आपला नोंदणी क्रमांक कोणता? हे इंजेक्शन खरोखर आवश्यक आहे का? सुईचे वेष्टन माझ्यासमोर फोडाल का? आणि औषधांची नावे लिहून द्याल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येईल त्याच्याकडे आपण जाऊ नये, आणि त्याचे कारण पालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवावे.

कल्याणच्या त्या मुलीने डॉक्टर नाही म्हणून सातासमुद्रापलीकडची वाट धरली. आपल्याला दवाखान्याच्या भिंतीवरील पाटी वाचण्यासाठी फक्त मान वर करावयाची आहे.